वरमाईचे जोडे

बुटांच्या दुकानात आरसा जमिनीवर ठेवलेला असतो, जरासा मागे रेललेला. साड्यांच्या दुकानात डोक्यापासून टाचेपर्यंत दिसेल असा आरसा, सोनाराकडे गळ्यापुरता, चष्म्याच्या दुकानात हातात धरायचा. आणि इथे मात्र पोटरीच्या वर काही म्हणता काही दिसणार नाही अशी चोख व्यवस्था. बूट चढवतानाचा स्वतःचा चेहरा गिऱ्हाइकाला दिसला तर जोड खपायचा नाही, हे या धंद्याने फार पूर्वीच ओळखलेलं असावं.

निदान माझ्यासारखीला तरी खपायचा नाही. माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं आहे. इंग्रजीत याला बनियन म्हणतात. त्यावर करता येण्याजोगे सगळे विनोद आमच्या घरात करून झालेले आहेत, तेव्हा पुढे जाऊ. डॉक्टरांचं नाव आणखी भारदस्त, हॅलक्स व्हॅल्गस. आमच्या माहेरी मात्र त्याला वेगळं नाव द्यायची कुणाला गरज वाटली नव्हती. ‘आपल्याकडचा पाय’ म्हटलं की भागायचं. आजीचा तसा, आईचा तसा, दोन्ही मावश्यांचा तसा. लोकांच्या घरात पाटल्या उतरतात, आमच्याकडे अंगठा उतरला. पाटल्या निदान अडीअडचणीला मोडता येतात.

‘हाड वाढलंय’ असं सगळे म्हणतात, पण ते वाढत नाही, सरकतं. अंगठ्याच्या मागे पंज्यात जे लांब हाड असतं ते दुसऱ्या पायाच्या दिशेने बाहेर कलतं, आणि खुद्द अंगठा उलट दिशेला, शेजारच्या बोटाकडे. दोघांच्या या बेबनावात सांधा कोपर काढून उभा राहतो. हा कोन १५ अंशांच्या पुढे गेला की डॉक्टर त्याला आजार म्हणतात. त्याच्या आत असला तर तो नुसता स्वभाव.

मराठी बाईच्या पायात या कथेला एक उपकथानक असतं. जोडवी घालतात ती अंगठ्याशेजारच्या बोटात, आणि अंगठा रेलतो तोही नेमका त्याच बोटावर. एका बाजूने अंगठा, मधे चांदीचा वेढा, वरून चपलेचा पट्टा. सौभाग्य अगदी चेंगरून निघतं. आईने शेवटी जोडवी काढून देव्हाऱ्यात ठेवली, आणि विचारणाऱ्या बायकांना ‘सोनाराकडे टाकलीत’ असं वर्षानुवर्षं सांगितलं. आमच्या गल्लीत त्या सोनाराची फार बदनामी झाली.

आजीच्या वेळी प्रकरण अधिक नाजूक होतं. मुलगी पाहायला आलेली मंडळी तेव्हा चालून दाखवायला सांगत. आजीच्या आईने नऊवारीचा घोळ इतका खाली सोडला की पाव्हण्यांना चाल दिसली, पाय दिसले नाहीत. ते थेट लग्नात, सप्तपदीच्या वेळी दिसले, आणि तोवर अक्षता पडून गेल्या होत्या.

माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही आधुनिक पद्धतीने सगळं पाहिलं. रक्तगट पाहिले, पगार पाहिले, ३६ पैकी २८ गुण जुळले, मुलीच्या काकांनी तर सिबिल स्कोअरसुद्धा विचारला. पाय कुणी पाहिले नाहीत. प्रश्न फक्त माझ्या पायांचा निघाला, कारण रिसेप्शनला वरमाईने काय घालायचं यावर घरातल्या तरुण पिढीची बैठक बसली आणि तीत ‘पैठणीवर त्या डॉक्टरी चपला चालणार नाहीत’ असा ठराव एकमताने मंजूर झाला. ‘डॉक्टरी चपला’ म्हणजे माझ्या रोजच्या, रुंद, मऊ, दोन वेलक्रोच्या पट्ट्यांच्या, विटकरी रंगाच्या. त्यांनी मला केदारनाथ दाखवलाय. पण पैठणीखाली त्या शोभत नाहीत हे मलाही मान्य होतं. पैठणीखाली काहीच दिसत नाही, हा माझा मुद्दा मात्र कुणी टिपून घेतला नाही.

पूर्वी बरं होतं. वरमाईला पायघड्या घालत. जमिनीला पाय लागू नये म्हणून पुढे कापड अंथरलं जायचं, आणि त्यावरून ती अनवाणी, मानाने, सावकाश चालायची. मला तर वाटतं, ही रीत आमच्याच घराण्यातल्या कुणी तरी सुरू केली असणार. आता कार्यालयात गुळगुळीत ग्रॅनाइट असतं, स्टेजला उजेडाच्या पायऱ्या असतात आणि वरमाईने ‘एंट्री’ घ्यायची असते.

तर बूटखरेदीला लक्ष्मी रोड. रस्त्याचं नाव असं आणि माझं काम असं, त्यामुळे दारात काढतो त्या लक्ष्मीच्या पावलांची आठवण होणं साहजिक होतं. त्या रांगोळीत अंगठा कसा नाकासमोर सरळ असतो! झुरिचमध्ये हेर्मान फोन मायर नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक होते. बूट का चावतो यावर त्यांनी १८५८ साली एक पुस्तिका लिहिली. त्यांचं म्हणणं एका वाक्यात मावण्यासारखं होतं: अंगठ्याच्या मधोमध रेघ काढून मागे ओढली तर ती टाचेच्या मध्यातून गेली पाहिजे, आणि बूट त्या रेघेवर कापला पाहिजे. लक्ष्मीची पावलं या परीक्षेत पास होतात. लक्ष्मी रोडवरच्या शोकेसमधला एकही समारंभी जोड होत नाही. त्यांचं टोक मधल्या बोटावर असतं. मधलं बोट सगळ्यांत लांब, दोन्ही बाजूंना उतरती कौलं, असा पाय असणारी व्यक्ती मी अजून पाहिलेली नाही. पण बूट करणाऱ्यांचं तिच्यावर निस्सीम प्रेम दिसतं.

दुकानात शिरले तेव्हा मी ‘मॅडम’ होते. खोकी उघडू लागली तशी ‘ताई’ झाले. खोक्यांची माझ्याभोवती भिंत उभी राहिल्यावर ‘काकू’. शेवटी जोड दाखवणारा मुलगा घाम पुसत उकिडवा बसला आणि म्हणाला, “मावशी, घरी काय घालता तुम्ही?” या प्रश्नात दुकानदारी उरली नव्हती, निव्वळ माणुसकी होती.

त्याआधी अर्थातच त्याने ते अजरामर वाक्य उच्चारलं होतं: “लेदर आहे ताई, वापरून वापरून सैल पडेल.” हे वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. चामडं सैल पडतं, पण चामडं आणि हाड यांच्यात आधी माघार कोण घेणार याचा खुलासा त्यात नसतो. शिवाय ‘लेदर’ म्हणून जे चमचमणारं पुढे येतं ते बहुधा पेटंट लेदर असतं. त्यावर प्लॅस्टिकचा थर चढवलेला असतो आणि तो काही केल्या ताणत नाही. समारंभासाठी नेमकं तेच दाखवतात, कारण त्यात झुंबर दिसतं.

दुसरं वाक्य: “एक नंबर मोठा देऊ?”

इथे थोडं थांबायला हवं, कारण आमच्या जातीच्या पायांची सगळी शोकांतिका या एका प्रेमळ प्रश्नात आहे. आपल्याकडे बुटांचे नंबर इंग्रजांचे. ते गेले, नंबर ठेवून गेले. त्यांच्या मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, आणि तो हिस्सा आला जवाच्या दाण्यावरून. तीन दाणे लांबीला लांबी लावून ठेवले की एक इंच. आपलं अंगुळही जवावरूनच आलेलं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ ‘यवमध्य’ म्हणजे एक अंगुळ असं माप दिलेलं आहे. यवमध्य म्हणजे जवाचा पोटाकडचा, रुंद भाग. म्हणजे इंग्रजांनी दाणा उभा मोजला, आपण आडवा मोजला. रुंदीचं महत्त्व कळलेला तो अर्थशास्त्री आज लक्ष्मी रोडवर असता तर मी त्याच्याच दुकानात गेले असते.

नंबर वाढतो तो लांबीचा. रुंदी वाढते ती उपचारापुरती. त्यामुळे एक नंबर मोठ्या बुटात बोटांपुढे भाड्याने देता येईल इतकी जागा रिकामी राहते, टाच प्रत्येक पावलाला मागून निघून येते, आणि हाड होतं तिथेच अडकून बसतं. वर आणखी एक घोटाळा होतो. बुटाची सगळ्यांत रुंद जागा ठरलेली असते. बूट लांबला की ती जागा पुढे सरकते, पाय मात्र आपल्या जागी राहतो. अमेरिकेतल्या सिराक्यूज गावच्या चार्ल्स ब्रॅनॉकने १९२० च्या दशकात मापं घ्यायचं एक यंत्र काढलं, त्यात लांबी आणि रुंदीबरोबर टाचेपासून या सांध्यापर्यंतचं अंतरही मोजता येतं. माझ्या वाट्याला आली ती लाकडी पट्टी. एक तुकडा मागून, एक पुढून सरकतो. आडवं मोजायची त्यात सोय नाही. दुकानातल्या मुलाने ती मोठ्या आत्मविश्वासाने लावली, “सहा” म्हणाला, आणि माझं हाड पट्टीच्या बाहेर, मोजदादीत न धरलेलं, लोंबकळत राहिलं.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. निष्कर्ष असा निघाला की भारतीयांचा पाय साधारणपणे रुंद असतो, आणि आपण अरुंद बूट घेऊन वर एक-दोन नंबर चढवून दिवस काढतो. त्यांनी भारतासाठी ‘भा’ नावाची नवी मापपद्धत सुचवली आहे. हे वाचून मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं माझ्याच पायात काही तरी आहे असं वाटत होतं. ते आहेच, पण बाकीच्यांच्याही आहे.

टोकदार बूट मुळात पायासाठी नसतो. ‘मला दिवसभर उभं राहावं लागत नाही’ हे चारचौघांना कळवायची ती सोय असते. हे माझं मत आहे, पण त्याला केंब्रिजच्या सांगाड्यांचा आधार आहे. तिथल्या संशोधकांनी मध्ययुगातल्या १७७ सांगाड्यांची पावलं तपासली आणि २०२१ मध्ये निकाल छापला. अकराव्या ते तेराव्या शतकात अशी हाडं ६ टक्क्यांना होती. चौदाव्या शतकात लांब टोकाच्या बुटांची फॅशन आली आणि चौदाव्या-पंधराव्या शतकांत प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. पण मला मजा वाटली ती वर्गवारीची. गावाबाहेरच्या शेतकऱ्यांच्या दफनभूमीत ३ टक्के. शहरातल्या गरिबांत १० टक्के. आणि मठात, जिथे संन्यासी आणि मठाला देणग्या देणारे श्रीमंत पुरलेले होते, तिथे ४३ टक्के! धर्मगुरूंनी टोकदार बूट घालू नयेत असा हुकूम चर्चने १२१५ सालीच काढला होता. हुकूम कितपत पाळला गेला ते आठशे वर्षांनी अंगठ्यांनी सांगितलं. माणसाने सगळ्याचा त्याग करावा, पण पादत्राणांचा मोह शेवटचा सुटतो, हे कुठल्याही देवळाबाहेर चपला सांभाळत उभा असलेला भक्त पाहिलात तरी पटेल.

इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डने १४६३ मध्ये कायदाच केला की सरदारांखालच्या माणसाने दोन इंचांहून लांब टोक मिरवायचं नाही. म्हणजे हाड बाहेर येण्याचा हक्कसुद्धा वरच्या वर्गासाठी राखीव.

बूट हा एकमेव गुन्हेगार नाही, हे न्यायासाठी सांगायला हवं. हे घराण्यातून येतं, आणि बायकांत जास्त दिसतं. पण १९५८ मध्ये हाँगकाँगला बूट घालणाऱ्या आणि अनवाणी राहणाऱ्या चिनी लोकांचे पाय शेजारीशेजारी तपासले, तेव्हा बूटवाल्यांत ३३ टक्के आणि अनवाण्यांत १.९ टक्के वाकडे अंगठे निघाले. घराणं बंदूक भरून देतं, चाप बूट ओढतो.

या सगळ्यांत माझा आवडता माणूस पेट्रुस काम्पर. हा डच वैद्य. याने १७८१ मध्ये बुटाचा योग्य आकार कसा असावा यावर एक निबंध लिहिला. त्याची तक्रार अशी की माणसाने घोडे, खेचरं, बैल यांच्या पायांची जन्मभर काळजी घेतली आणि स्वतःच्या पायांकडे पाहिलंच नाही. आपल्याकडे बैलाला पत्री मारताना ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच पटेल. बैलाला आडवा घालतात, खूर तासतात, खुराला दोन भाग म्हणून दोन पत्र्या, आणि त्या त्या खुरावर बेतून ठोकतात. ‘वापरून सैल पडेल’ असं बैलाला कुणी सांगत नाही.

पुरुषांचं बरं असतं अशी माझी समजूत होती. आमच्या ह्यांचा एक काळा जोड आहे. तो त्यांनी स्वतःच्या लग्नात घातला, त्यानंतर बहिणीच्या, भाच्याच्या, साहेबांच्या निरोप समारंभात घातला, आणि अजून त्याच खोक्यात, त्याच बटरपेपरमध्ये असतो. पण माझ्या भावाकडेही ‘आपल्याकडचा पाय’ आहे, आणि त्याला ऑफिसात रोज बूट घालावे लागतात. त्याने या विषयात इतका अभ्यास केलाय की लग्नकार्यात नातेवाईक त्याला टाळतात. त्याच्याकडून कळलं ते असं. ज्याला ऑक्सफर्ड म्हणतात त्या बुटात लेसच्या पट्ट्या खाली, पुढच्या चामड्याच्या आत शिवून बंद केलेल्या असतात, म्हणून तो वरून उघडत नाही. डर्बी दिसायला जवळजवळ तसाच, पण त्याच्या पट्ट्या वरून जोडलेल्या आणि मोकळ्या असतात. लेस सोडली की बूट रुंदावतो, पाय आत जातो, पाव्हण्यांना फरक कळत नाही. हाडावरून शिवण जात असेल तर तो बूट कितीही सुंदर असो, हातातसुद्धा घ्यायचा नाही. टाच जितकी उंच तितका देहाचा भार पुढे घसरून त्याच सांध्यावर येतो, हे शाळेतल्या घसरगुंडीवर कळायला हवं होतं. खरेदी संध्याकाळी करायची, कारण दिवसभरात पाय सुजतात आणि लग्नं संध्याकाळीच लांबतात. दोन्ही पायांत घालून पाहायचं, कारण दोन पाय सारखे नसतात, मोठ्याचं ऐकायचं.

आणि शेवटचा, सगळ्यांत अपमानकारक उपाय: कागद. उभं राहून कोऱ्या कागदावर पाऊल ठेवायचं, पेन्सिल सरळ धरून कड काढायची, कापायचं, आणि तो कापलेला पाय पिशवीत घालून दुकानात जायचं. बूट त्या कागदावर ठेवायचा. कागद कुठूनही बाहेर डोकावला तर बूट परत खोक्यात. मी हे भर दुकानात केलं. त्या निमुळत्या, सोनेरी, खड्यांच्या जोडाखालून माझा कागद दोन्ही बाजूंनी बाहेर आला. शेजारी लाल सँडल घालून बघणारी एक अनोळखी बाई टक लावून पाहत होती. ती हळूच म्हणाली, “तो कागद जरा देता?” तिचा पाय माझ्यापेक्षा लहान होता, पण तिलाही तो कागद उगाच मागावासा वाटला नव्हता.

यादरम्यान नात्यागोत्यातून सल्ले येत होतेच. कुणी बोटांत घालायचा सिलिकॉनचा तुकडा पाठवला, कुणी रात्री बांधून झोपायची पट्टी. यांनी घासणं कमी होतं, दुखणं जरा निवतं. वाकलेला अंगठा सरळ होत नाही. एका आत्याने हळद आणि चुन्याचा लेप सांगितला. त्याने माझं हाड पिवळं झालं. शस्त्रक्रियाही असते, त्यात हाड कापून जागेवर आणून स्क्रूने पक्कं करतात, आणि तिचे शंभराहून अधिक प्रकार वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत. ज्या भाजीच्या शंभर पाककृती असतात ती भाजी कुणाला फारशी जमलेली नसते, असा माझा अनुभव आहे. डॉक्टरांनीच सांगितलं, “रोजच्या चालण्याला त्रास नसेल तर नुसतं दिसण्यासाठी करू नका.” मी म्हटलं, “डॉक्टर, दिसण्यासाठी नाही, रिसेप्शनसाठी.” ते हसले, पण त्यांनी तारीख दिली नाही.

कोल्हापुरी घाल, असंही सुचवण्यात आलं. बाजू उघड्या, बोटं मोकळी, शिवाय २०१९ पासून भौगोलिक मानांकन, आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत तशाच चपला दिसून महाराष्ट्रभर गदारोळ झालेला. श्रेय कुणाचं यावर लोक भांडत होते. आमच्या पक्षाला आनंद एवढाच की मिलानमध्ये कुणाचे तरी अंगठे सरळ बाहेर दिसले. पण कोल्हापुरीलाही स्वतःचा अंगठा असतो, तो चामड्याचा वेढा, ज्यात आपला अंगठा घालायचा. माझा अंगठा जायचा एका दिशेला आणि चपलेचा धरून ठेवायचा दुसऱ्या. दोन अंगठ्यांच्या भांडणात मी तालमीत उतरल्यासारखी चालत होते. नवी कोल्हापुरी तशीही पहिले काही दिवस कुणालाच सोडत नाही, तेल पाजून तिची समजूत काढावी लागते.

शेवटी घेतला तो जोड असा: पुढून गोल, टाच दीड इंचाची आणि रुंद, मऊ चामड्याचा, वर बकलचा पट्टा, रंग जुन्या सोन्याचा. कागद एका बाजूने जेमतेम दोरा बाहेर राहत होता. तो दोरा घेऊन मी आमच्या कोपऱ्यावर छत्री लावून बसणाऱ्या मामांकडे गेले.

मामांनी जोडाकडे पाहिलंसुद्धा नाही. “जुनी कुठंय?”

“जुनी कशाला? हा सैल करायचाय.”

“ह्याला काय म्हाईत तुमचा पाय? हा कालचा. जुनी आणा.”

मी विटकरी वेलक्रो घेऊन आले. मामांनी ती उलटी केली, तळवा पाहिला, आतून बोट फिरवलं, आणि माझ्या पायाकडे न बघताच म्हणाले, “डावं जास्त हाय. उजव्या टाचेवर भार टाकता. गुडघा दुखतोय का?” दुखत होता. ही चौकशी आजवर फक्त डॉक्टरांच्या फीमध्ये मिळाली होती. त्यांनी लाकडी फर्मा काढला, हाडाच्या जागी चामड्याचे तुकडे एकावर एक चिकटवून टेकाड केलं, नव्या बुटाला आतून पाणी लावलं, आणि फर्मा आत ठोकला. “परवा या. ओढून काढू नका, ऐकायचं असंल तर.” झालेल्या कामाचे त्यांनी साठ रुपये सांगितले. बुटाची किंमत मी त्यांना सांगितली नाही. त्यांना वाईट वाटलं असतं.

लग्नाच्या दिवशी विधी होईपर्यंत सगळे अनवाणीच होते. महाराष्ट्रात समारंभी बूट हे मुख्यतः कार्यालयाच्या दारात काढून ठेवण्यासाठी असतात, ही गोष्ट इतक्या खरेदीत कुणीच बोललं नव्हतं. संध्याकाळी रिसेप्शनला मात्र मी तो जुन्या सोन्याचा जोड घालून एंट्री घेतली, आणि डावा पाय, उजवा पाय, पुन्हा डावा, अशी सगळी पावलं पडली. स्टेजवरून समोर नजर टाकली. पहिल्या रांगेत सोफे होते. सोफ्यांवर काठपदराच्या साड्या, मोत्याचे तन्मणी, चेहऱ्यांवर तृप्ती. आणि सोफ्यांखाली, अंधारात, पायातून अर्धे निसटलेले, उलटे पडलेले, एकमेकांवर रेललेले जोडच्या जोड. फोटोग्राफर सगळ्यांचे फोटो कमरेपासून वर काढत होता. त्याला अनुभव होता.

मेव्हण्या नवऱ्याची मोजडी पळवतात, तीही पळवली गेली. लाल मखमलीची, पुढून वर वळलेल्या चोचीची. सगळ्यात धाकटी मेव्हणी पुढे झाली, “अकरा हजार! नाही तर बूट मिळणार नाहीत.”

माझा मुलगा म्हणाला, “ठेवा.”

“म्हणजे?”

“ठेवा ना. खरंच ठेवा.” आणि त्याने दोन्ही पाय थंड ग्रॅनाइटवर पसरले. चेहऱ्यावर असं समाधान की मुंडावळ्यासुद्धा हसल्यासारख्या दिसल्या. पोरी पाच हजारांवर आल्या, दोन हजारांवर आल्या, शेवटी ‘जिजू, निदान आइस्क्रीम’ म्हणू लागल्या. तो हलेना. वाटाघाटी फिसकटल्या आणि त्या गोंधळात सगळ्यांच्या नजरा त्याच्या उघड्या पायांवर गेल्या.

विहीणबाईंचीही गेली. त्यांनी त्याचे अंगठे पाहिले. मग माझ्या जोडाकडे पाहिलं, जिथे मामांनी टेकाडासाठी जागा केली होती. मग त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर सरकल्या, आजूबाजूला कुणी नाही असं बघून शालूचा काठ थोडा वर घेतला, आणि म्हणाल्या, “आमच्याकडे आईकडून.”

मी वाकून पाहिलं. माझ्याहून जास्त होतं.

“नातवंडांचं मग दोन्हीकडून ठरल्यासारखंच,” मी म्हटलं.

“ते होईल तेव्हा होईल. हे तुम्ही कुणाकडून करून घेतलं?”

मी मामांचं सांगितलं. ते नव्या बुटाकडे बघत नाहीत, जुनी चप्पल मागतात, हेही सांगितलं. विहीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. पाठवणीच्या वेळी त्या लेकीच्या गळ्यात पडून रडल्या आणि डोळे पुसता पुसता माझ्या कानाशी लागून विचारलं, “छत्री कुठल्या कोपऱ्यावर म्हणालात?”

आठवड्याभरात विहीणबाईंकडून, सोलापूरहून, आमच्या नावाने एक पार्सल आलं. सोलापूरहून म्हटल्यावर चादरी असणार हे घरात सगळ्यांनी गृहीत धरलं. सासूबाईंनी कुंकू लावून घ्या म्हणून सुचवलं, नव्या सुनेने कात्री आणली, ह्यांनी मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. दोरी सुटली, वर्तमानपत्राचे थर निघाले, आणि आतून वापरून वापरून झिजलेल्या चपलांचा एक जोड बाहेर आला. डाव्या चपलेवर बॉलपेनने बाण काढून लिहिलं होतं: ‘इथे’.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी विहिणी साडी पाठवायच्या.”